काविळीचा दोरा आणि स्वादुपिंडाची गाठ

गझल लिहिणाऱ्यांनी शरीराचे ठरावीकच अवयव वापरले. दिल घेतलं, जिगर घेतलं, डोळे तर घेतलेच. मराठी कवींचंही तेच. काळीज आहे, आतडं आहे, ‘आतडं तुटतं’ असं आपण रोजच्या बोलण्यातही म्हणतो. पण पोटात जठराच्या मागे दडलेला एक अवयव आहे, त्याला ना गझलेत जागा मिळाली ना ओवीत. उर्दूत त्याला लबलबा म्हणतात. शब्द असा की शेरात बसवायला गेलं तर मैफल हसेल. मराठीत त्याला स्वादुपिंड असं गोड नाव आहे, पण शंभर माणसांना विचारा ते कुठे असतं, नव्वद जण बोट दाखवू शकणार नाहीत. मीही दाखवू शकलो नसतो. मी बी.ए. झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण घरात एक आजारपण आलं, त्याच्या निमित्ताने दवाखान्यांच्या बाकांवर बसलो, डॉक्टरांना विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातून जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

स्वादुपिंड साधारण १५ सेंटिमीटर लांब, म्हणजे वितीपेक्षा थोडं कमी. वजन शंभरेक ग्रॅम. ते पोटाच्या अगदी खोलात, जठराच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे आडवं पडलेलं असतं. त्याचं डोकं उजवीकडे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात अडकलेलं. शेपूट डावीकडे पानथरीपर्यंत गेलेलं. त्याची कामं दोन. एक, रोज लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करून आतड्यात सोडायचा. तेल, डाळ, भाकरी, सगळं या रसाने पचतं. दुसरं काम इन्सुलिन रक्तात सोडायचं. ज्या पेशी इन्सुलिन बनवतात त्यांची बेटं पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती कशासाठी आहेत हे मात्र त्याला उमगलं नव्हतं. पुढे १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं तेव्हा त्या बेटांचं महत्त्व जगाला कळलं.

या अवयवात गाठ होते. आता ‘गाठ’ हा शब्दच आपल्याकडे असा झालाय की डॉक्टरांनी उच्चारला की घरात रडारड सुरू. कर्करोग म्हणजे खेकड्याचा रोग. संस्कृतातला कर्क, अरबी-उर्दूतलं सरतान, ग्रीकांचा कार्किनोस, तिन्हीचा अर्थ खेकडा. एकमेकांपासून दूरच्या भाषांना एकच प्राणी आठवावा, यातच या रोगाची धास्ती दिसते. पण प्रत्येक गाठ खेकडा नसते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर तिथे पाण्याने भरलेली पिशवी तयार होते, तो कर्करोग नव्हे. काही पाणगाठी जन्मभर निरुपद्रवी राहतात. काही आज निरुपद्रवी असतात, पण पुढे बिघडू शकतात, म्हणून दर काही महिन्यांनी त्यांच्यावर नजर ठेवतात. स्वादुपिंडाच्या आसपासच्या ग्रंथींना क्षय होतो आणि तो फोटोत हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटून आलेली सूजही अशीच फसवते, ती स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उतरते.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर सीटी स्कॅनचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले होते. त्यात ‘मास’ असा शब्द होता. त्यांनी वाटण्यांचा कागद करायला घेतला होता. तुकडा तपासल्यावर क्षयाचं निदान झालं, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, आता रोज सकाळी वडाळीच्या तलावाकडे फिरायला जातात. वाटण्यांचा कागद तसाच कपाटात आहे. मुलं अधूनमधून त्याची आठवण काढतात ही गोष्ट वेगळी.

खऱ्या कर्करोगातही दोन जाती आहेत. शंभरात नव्वदहून अधिक रुग्णांत तो पाचकरसाच्या नळीच्या अस्तरातून उगवतो. हा भयंकर. उरलेल्या थोड्यांत तो त्या इन्सुलिनवाल्या बेटांसारख्या पेशींतून येतो. तो बहुधा सावकाश वाढतो. नाव एकच, पण वागणं निरनिराळं. म्हणून ‘अमक्याचा काका याच रोगात दहा वर्षं जगला’ आणि ‘तमकीची जाऊ चार महिन्यांत गेली’ या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

हा रोग उशिरा का कळतो? कारण तो खोल जागी आहे. छातीतली गाठ हाताला लागते, तोंडातला व्रण आरशात दिसतो. स्वादुपिंडातली दोन सेंटिमीटरची गाठ ना दिसते ना दुखते. भूक मंदावते, वजन उतरतं, वरच्या पोटातून पाठीत कळ जाते. ही कळ आडवं पडलं की वाढते आणि पुढे वाकून बसलं की थोडी निवते. आपल्याकडे पाठ दुखते म्हटलं की लोक शेतातलं काम नाहीतर मोटारसायकल यांच्यावर ढकलून मोकळे होतात.

पण एक खूण तो लवकर देतो, आणि तिच्याबद्दलच मला मुख्यतः बोलायचं आहे. यकृतातून येणारी पित्ताची नळी आतड्यात उतरण्यापूर्वी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. बहुतेक गाठी या डोक्यातच होतात. गाठ वाढली की नळी दाबली जाते. तुंबलेल्या नालीचं पाणी मागे फिरावं तसं पित्त मागे फिरतं आणि रक्तात मिसळतं. डोळे पिवळे होतात. लघवी गर्द, मोहरीच्या तेलासारखी. आतड्यात पित्त पोचत नाही म्हणून शौचाचा रंग पांढुरका, चिकणमातीसारखा. अंगाला अशी खाज सुटते की माणूस रात्रभर खाजवत बसतो. आणि या सगळ्यात पोट फारसं दुखत नाही, ताप नसतो. १८९० साली कुर्व्हाझिए नावाच्या स्विस सर्जनने लिहून ठेवलं की कावीळ आहे आणि फुगलेलं पित्ताशय न दुखता हाताला लागतं आहे, तर कारण बहुधा खडा नसतं. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही खूण ओळखायला यंत्र लागत नाही, तपासणारा हात लागतो.

ही कावीळ आणि आपली नेहमीची कावीळ यांत फरक आहे. आपली नेहमीची कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूंची. वऱ्हाडात पाण्याची रड जुनी आहे. नळाची लाइन फुटते, नालीचं पाणी शिरतं आणि मोहल्लाच्या मोहल्ला पिवळा होतो. या काविळीत आधी ताप येतो, मळमळतं, आणि बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. इथेच दोऱ्याचा धंदा उभा आहे. जो रोग स्वतःहूनच जाणार त्याला दोरा बांधला काय अन् न बांधला काय. श्रेय मात्र दोऱ्याला.

काविळीची माळ तर सगळ्यांनी पाहिली असेल. वनस्पतीच्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतात, डोक्यात घालतात, आणि माळ दिवसेंदिवस लांबत गळ्यात उतरते. लोक म्हणतात, कावीळ उतरतेय. खरं म्हणजे काडी वाळते, आक्रसते, गाठ सैल होते, दोरा सुटत जातो. तीच माळ खुंटीला टांगा, तिथेही लांबेल. खुंटीला काही कावीळ झालेली नसते. हातावर चुना चोळून पिवळं पाणी काढणाऱ्यांचं गुपित चुना आणि झाडाच्या सालीचा रस यांच्या मिश्रणात आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते ते सभांमधून करून दाखवतात.

माझे खालू, म्हणजे मावशीचे यजमान, अकोल्याचे. एका जिनिंगमध्ये मुनीम होते. गठाणींचा हिशेब तोंडी ठेवणारे. वय अडुसष्ट. डोळे पिवळे झाले. शेजारी म्हणाले, “कावीय झाली ना बावा, दोरा बांधून आना, डॉक्टरले कायले पैसे देता?” दोरा झाला, नाकात औषध टाकून झालं, उसाचा रस झाला, एका जणाने सांगितलं म्हणून उकडलेलं बिनतेलाचं जेवण झालं. मी अमरावतीत, मला फोन आला तो तिसऱ्या आठवड्यात. खालूंनी तक्रार काय केली? कावीळ नाही, खाज. “बेटा, ये खुजली सोने नहीं देती.” त्यात सहा महिन्यांपूर्वी त्यांना नव्याने साखर निघाली होती आणि वजन आठ किलो उतरलं होतं. वजनाचं सगळ्यांना कौतुक होतं, साखरेचं पथ्य पाळतात म्हणून.

या नव्या साखरेबद्दल सांगायला हवं. मधुमेह घरोघरी आहे, त्या सगळ्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग नसतो, तेव्हा घाबरू नये. पण पन्नाशीनंतर अचानक साखर निघाली, घरात कोणाला नाही, माणूस जाड नाही, आणि वजन वाढण्याऐवजी झरझर उतरतंय, तर डॉक्टरांना हे चारही मुद्दे एकत्र सांगावेत. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभरांपैकी एखाद्याला पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग निघतो, असं अभ्यास सांगतात. नव्व्याण्णव सुटतात. तो एक मात्र वेळेत सापडला तर बरं.

कारणांमध्ये तंबाखू पहिली. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका साधारण दुप्पट. लोक म्हणतात, मी ओढत नाही, नुसता खर्रा खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने न ओढता खायची तंबाखूदेखील स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं कारण ठरवली आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. आमच्या चौकात ती बंदी कागदाच्या पुडीत बांधून मिळते. त्याखेरीज वर्षानुवर्षं दारूने स्वादुपिंडाला येणारी सूज, लठ्ठपणा, जुना मधुमेह आणि काही घराण्यांतला वारसा. ज्यांच्या रक्ताच्या दोन-तीन नात्यांत हा रोग झाला त्यांनी डॉक्टरांशी बोलावं. कित्येकांना मात्र यातलं काहीच नसताना तो होतो. खालूंनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

तपासण्यांचं सांगतो. सोनोग्राफी स्वस्त आणि जवळ, पित्ताची नळी फुगली आहे हे ती चांगलं सांगते. पण आतड्यातल्या हवेमुळे स्वादुपिंड तिला नेहमी नीट दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी साफ आली आणि कावीळ मात्र वाढतेय, तर थांबायचं नाही, शिरेतून औषध देऊन करतात तो सीटी स्कॅन करायचा. त्यानंतर गरज पडली तर तोंडावाटे दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी करतात आणि सुईने तुकडा घेतात. ‘सीए १९-९’ नावाची एक रक्ततपासणी आहे. ती कर्करोग शोधण्याची तपासणी नव्हे. नुसत्या काविळीतही तिचा आकडा चढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो पदार्थ मुळी तयारच होत नाही. हेल्थ पॅकेजात ती घालून विकतात, कशासाठी ते विकणाऱ्यालाच ठाऊक. रोग निश्चित झाल्यावर उपचार लागू पडतो का हे पाहायला ती उपयोगी.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहेत. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेला, साधा शर्ट घालणारा माणूस. २०१८ च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले. तेव्हा स्वादुपिंडाला सौम्य सूज आहे असं सांगितलं गेलं. मार्चमध्ये ते उपचारांसाठी अमेरिकेला गेले, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये होते. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे हे त्यांच्या सरकारातले आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस जाहीरपणे सांगितलं. ३० जानेवारी २०१९ ला नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला ते गेले. वय ६३. आजार कळल्यापासून तेरा महिने. इतकी सोय असलेल्या माणसाला तेरा महिने, यावरून रोगाचा जोर समजावा.

दुसरं उदाहरण अ‍ॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांचं. त्यांना २००३ साली निदान झालं, आणि ती होती दुसरी, सावकाश वाढणारी जात. डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणत होते. हा माणूस नऊ महिने आहार आणि इतर उपाय करत बसला आणि २००४ साली शस्त्रक्रियेला तयार झाला. २०११ साली तो गेला. लवकर कापलं असतं तर वाचला असता का, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मी एवढंच म्हणतो की दोरा फक्त अकोल्यातच बांधतात असं नाही, कॅलिफोर्नियातही बांधतात. नाव वेगळं असतं.

२०२२ साली जगात या रोगाचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले, आणि त्याच वर्षी ४ लाख ६७ हजार मरण पावले. या दोन आकड्यांतलं अंतर पाहा. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे प्रमाण कमी आहे. निदान होतं तेव्हा शंभरात पंधरा-वीस जणांचीच गाठ काढण्याजोगी असते. म्हणून डोक्यातली गाठ कावीळ आणते ही एका अर्थाने सवलतच म्हणायची. शेपटातली गाठ तेवढीही सूचना देत नाही.

गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेला व्हिपल यांचं नाव आहे. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली ती मांडली. त्याआधी जर्मनीत काउश यांनी अशी एक शस्त्रक्रिया केली होती. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा काढतात, आणि उरलेलं स्वादुपिंड, पित्तनळी व जठर पुन्हा आतड्याला जोडतात. पाच-सहा तास, कधी जास्त. ही शस्त्रक्रिया जिथे वारंवार होते तिथे तिच्यातले मृत्यू शंभरात पाचाच्या आत आले आहेत. जिथे वर्षातून एखादी होते तिथे तसं नाही. म्हणून डॉक्टरांना न लाजता विचारावं, “साहेब, तुमच्याकडे वर्षाला किती होतात?” चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

जायचं कुठे? आपल्याकडून नागपूर जवळ. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी यांच्या नावाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. आपल्या मोझरीचे तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले. जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. मुंबईला १९४१ पासूनचं टाटा. अमरावतीहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मुंबई, आणि त्या गाडीत प्रत्येक डब्यात एखादी तरी एक्स-रेची पिशवी मांडीवर घेतलेला माणूस असतो. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, दवाखान्याचा दाखला लागतो. राहायला दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावच्या बाबांचं नाव तिथे परगावच्या रुग्णांच्या तोंडी ऐकलं की बरं वाटतं. खर्चासाठी शासनाची जी योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने आहे, ती २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होता. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पहिल्याच दिवशी सोबत न्यावं. आरोग्यमित्राच्या खिडकीवरून कागदासाठी परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत.

खालूंची गाठ अडीच सेंटिमीटरची निघाली, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली नव्हती. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. पुढे केमोथेरपी. फ्रान्स आणि कॅनडात झालेल्या एका चाचणीचे निकाल २०१८ साली आले. गाठ काढल्यावर चार औषधांची केमोथेरपी घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण साडेचार वर्षांहून अधिक जगले. एकाच औषधावर असलेल्यांत हा काळ तीन वर्षांच्या आसपास होता. अर्थात त्या चाचणीत धडधाकट रुग्णच घेतले होते, आणि ती केमो सोसायला अंगात ताकद लागते. खालूंना ती झेपणार नाही असं ठरलं, त्यांना सौम्य औषधं दिली.

शस्त्रक्रियेनंतर जेवण पचेना. शौच तेलकट, तरंगणारं. डॉक्टरांनी पाचकरसाच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि आपणहून सांगितलं की या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. घरात शांतता पसरली. खाला म्हणाल्या, नको. खालू काही बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवलेही नाहीत. मग मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, जीव वाचवायला दुसरा इलाज नसेल तर मजबुरीत मनाई उठते, यात गुनाह नाही. अशाच अडचणीत शाकाहारी घरंही पडतात. डॉक्टरांनी हे लपवू नये आणि घरच्यांनी मनातल्या मनात औषध बंद करू नये, विचारावं. कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण मोठं असेल तर मध्येही. उपाशीपोटी घेतली तर वाया.

ज्यांची गाठ काढता येत नाही त्यांच्यासाठीही बरंच करता येतं. दुर्बिणीतून पित्तनळीत बारीक नळी बसवली की कावीळ उतरते, खाज जाते, माणूस झोपतो. पाठीतली कळ फार असेल तर पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देतात. आणि मॉर्फिन. मॉर्फिनचं नाव काढलं की लोक व्यसनाला भितात. २०१४ साली कायद्यात बदल होऊन रुग्णांसाठी ते मिळवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. कर्करोगाच्या वेदनेत डॉक्टरच्या देखरेखीखाली ते घेणाऱ्याला व्यसनी म्हणणं हा अडाणीपणा आहे.

खालू शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षं आणि सात महिने राहिले. त्यातले शेवटचे तीन महिने सोडले तर चालतेफिरते होते. कॅप्सूलचा हिशेब त्यांनी गठाणींसारखाच ठेवला, किती आणल्या, किती घेतल्या, किती शिल्लक. ती वही खालांकडे आहे.